दोन लाखांचा बेस घेताना: जॅझ बेस की स्टिंगरे?

पंधरा हजारांच्या बेस गिटारवर मी सात वर्षं वाद्यवृंदात साथ केली. मग थोडे पैसे साठले, थोडे बायकोने घातले, आणि शेवटी दोन नावं उरली: फेंडरचा अमेरिकन जॅझ बेस आणि म्युझिक मॅनचा स्टिंगरे स्पेशल. निर्णय व्हायला अकरा महिने लागले. त्यातले नऊ मोबाइलवर व्हिडिओ बघण्यात गेले आणि त्यातून हाती काहीही लागलं नाही. उरलेल्या दोन महिन्यांत जे केलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुमची जोडी वेगळी असली, म्हणजे सॅडाउस्की आणि लॅकलँड अशा दुसऱ्या कंपन्यांची असली, तरी पायऱ्या याच.

बरोबर ठेवायच्या वस्तू: स्वतःची केबल, ट्यूनर, स्टीलची छोटी फूटपट्टी, बॅग मोजायचा लगेज काटा, नऊ व्होल्टचे दोन नवे सेल, तुमचा रोजचा पट्टा आणि रेकॉर्डिंगपुरती जागा शिल्लक असलेला मोबाइल.

१. मागचे दहा कार्यक्रम कागदावर लिहा

दुकानात जायच्या आधीची ही पायरी बहुतेक जण गाळतात. कुठे वाजवलं, कुणासोबत वाजवलं, कुठल्या पट्टीत वाजवलं, एवढंच लिहायचं. माझ्या यादीत सहा वाद्यवृंद, दोन लग्नं, एक भक्तिसंगीत आणि एक स्टुडिओ निघाला. दहापैकी आठ ठिकाणी शेजारी ढोलकी नाहीतर तबला होता. घरी मी रात्री हेडफोन लावून फंक आणि स्लॅप (अंगठ्याने तारा ठोकून वाजवायचा ढंग) वाजवत बसतो, पण त्या यादीत फंकचा एकही कार्यक्रम नव्हता. म्हणजे हातून दोन लाख जाणार होते ते हेडफोनमधल्या माणसासाठी, स्टेजवरच्या माणसासाठी नव्हे. हेडफोनसाठी बेस घ्यायला माझी हरकत नाही. फक्त आपण कुणासाठी घेतोय हे आधी ठाऊक असलेलं बरं.

२. पट्टी बघून चार तारा की पाच हे ठरवा

चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर ई, म्हणजे पांढरी तीन, साधारण ४१ हर्ट्‌झ. गायक काळी एकमध्ये गात असेल तर तुमचा खालचा षड्ज ३४.६ हर्ट्‌झवर पडतो. चार तारांवर तो नाहीच. मग तुम्ही तो एक सप्तक वर, ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरचा धातूचा पडदा) वाजवता, आणि कीबोर्डवाला डाव्या हाताने खालचा सूर दाबून तुमची जागा घेतो. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन, या चारही पट्ट्यांत हीच गोची होते. पुरुष गायकांसोबत काळी एक आणि पांढरी दोन सारख्या येतात. काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंसोबत मात्र चार तारांवर कुठेही अडत नाही.

यादीत त्या चार पट्ट्या निम्म्याहून जास्त असतील तर पाच तारांचाच विचार करा. दोन्ही कंपन्यांकडे पाच तारांचं मॉडेल आहे. स्टिंगरेचं तर १९८७पासून आहे आणि पाच तारांच्या बेसमध्ये त्याचं नाव मोठं आहे. एखाद-दुसरं गाणंच पांढरी दोनमध्ये असेल तर ई तारेच्या खुंटीच्या जागी बसणारी एक कळ मिळते. ती ओढली की ई उतरून डी होतो. तेवढ्यावर भागतं. काळी एकला ती पुरत नाही, हे आधीच सांगतो.

माझ्या यादीत बाई जास्त होत्या. मी चार तारांवरच राहिलो.

३. दोन्ही वाद्यांचा बाप एकच आहे

यात गंमत अशी की ही दोन्ही वाद्यं लिओ फेंडर या एकाच माणसाच्या हाताखालून आली आहेत. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ला त्याने प्रिसिजन बेस काढला, १९६०ला जॅझ बेस. १९६५ला कंपनी सीबीएस या अमेरिकी कंपनीला विकली आणि पुढे म्युझिक मॅनमधून १९७६ला स्टिंगरे आणला. १९८४पासून म्युझिक मॅन एर्नी बॉल या कंपनीकडे आहे. तारांची लांबी दोन्हींवर सारखीच, ३४ इंच. फरक आहे तो आवाज उचलण्याच्या पद्धतीत.

जॅझ बेसवर दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप उचलणारे, प्रत्येकात एकच वेटोळं), प्रत्येकाला एक व्हॉल्यूम आणि दोघांत मिळून एक टोन. सेल नाही. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मधला भाग थोडा पोकळ होतो आणि स्लॅप खुलतो. नुसता ब्रिजकडचा, म्हणजे तारा बॉडीवर अडकवतात त्या टोकाकडचा, उघडला की नाकातून बोलल्यासारखा, गुरगुरणारा सूर येतो. जाको पास्टोरियस या बेसवादकाने फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) जॅझ बेसवर तोच सूर जगाला ऐकवला. मार्कस मिलर स्लॅप करतो तोही जॅझ बेसवरच, १९७७चा.

स्टिंगरेवर ब्रिजजवळ एकच जाडजूड हमबकर (दोन वेटोळ्यांचा, हम मारणारा पिकअप), आणि बेसच्या पोटातच प्रीअँप, म्हणजे सेलवर चालणारा, आवाज वाढवणारा छोटा भाग. स्पेशल या २०१८पासूनच्या आवृत्तीत तो १८ व्होल्टवर, म्हणजे नऊच्या दोन सेलवर चालतो. बास, मिड आणि ट्रेबल हे तिन्ही नॉब हाताखाली. आवाज ठोस, काठ धारदार. शिक या बँडमध्ये बर्नार्ड एडवर्ड्स हाच वाजवायचा. त्याचं बोट पडलं की नाचणाऱ्याचा पाय आपोआप पडतो.

४. बसून नको, उभं राहून धरा

दुकानात स्टुलावर बसून सगळेच बेस छान वाटतात. स्वतःचा पट्टा लावा, रोजच्या उंचीवर अडकवा आणि वीस मिनिटं उभे राहा.

डोक्याकडे, म्हणजे तारा जिथून दांडीवर येतात त्या नटपाशी, जॅझ बेसचा नेक (दांडी) ३८.१ मि.मी. रुंद असतो तर स्टिंगरेचा ४१.३. तीन मिलिमीटर म्हणजे कागदावर काहीच नाही. पण पहिल्या तीन फ्रेटवर तासभर वाजवल्यावर माझी करंगळी ते तीन मिलिमीटर बरोबर मोजते. लहान पंजा असेल तर जॅझ बेस पटकन हातात बसतो. प्रिसिजनची सवय असलेल्याला स्टिंगरे घरचा वाटतो, कारण रुंदी तीच.

स्टिंगरेच्या नेकवर तेल आणि मेण चोळलेलं असतं, जाड लॅकर नसतो. जूनच्या घामात अंगठा चिकटत नाही, हे मुंबईत राहणाऱ्याला फार मोठं सुख आहे. बदल्यात वर्षभरात तो नेक मळतो.

मग दोन्ही हात सोडून बघा. नेक खाली झुकतो का? जॅझ बेसचं डोकं लांब आणि चारही खुंट्या एका ओळीत, त्यामुळे हलक्या लाकडाचा नग असेल तर झुकतो. स्टिंगरेच्या खुंट्या तीन वर आणि एक खाली अशा, डोकं आखूड, म्हणून हा त्रास सहसा होत नाही. शेवटी काट्याला अडकवून वजन करा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत अर्धा किलोचा फरक पडू शकतो. तीन तासांच्या कार्यक्रमात तो अर्धा किलो डाव्या खांद्यात मुक्कामाला येतो.

५. ऐकायची परीक्षा, आणि सगळ्यात मोठी फसगत

माझे नऊ महिने जिथे वाया गेले ती जागा ही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्टिंगरेच्या आत प्रीअँप असल्याने तो मुळातच मोठ्याने बोलतो. आपल्या कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. दुकानात दोन्ही बेस एकाच अँपला, एकाच नॉबवर जोडले की दहापैकी नऊ जण स्टिंगरेला मत देतात. ते मत सुराला नसतं, आवाजाच्या मोठेपणाला असतं. म्हणून आधी अँपचे बास, मिड, ट्रेबल मधोमध ठेवा, स्टिंगरेचे तिन्ही नॉब मधल्या खाचेवर आणा, जॅझ बेसचा टोन पूर्ण उघडा आणि मग स्टिंगरेचा व्हॉल्यूम उतरवून दोघांची पातळी जुळवा. दुकानदार कंटाळेल. कंटाळू द्या, पैसे तुमचे आहेत.

तारांकडेही बघा. भिंतीवर दोन वर्षं लटकलेल्या बेसच्या तारा मेलेल्या असतात आणि काल आलेल्याच्या चमकत असतात. मेलेल्या तारांचा जॅझ बेस नव्या तारांच्या स्टिंगरेसमोर उभा केला तर तुलना झालीच नाही. शक्य असेल तर एकाच जातीच्या तारांचे दोन संच नेऊन चढवायला सांगा. एवढी रक्कम मोजताना हा खर्च काहीच नाही.

आता वाजवायचं काय? तुमचे दाखवायचे चमकदार तुकडे बाजूला ठेवा. तुमच्या कार्यक्रमातलं एक संथ आणि एक चालतं गाणं घ्या, प्रत्येकी सोळा मात्रा, दोन्ही बेसवर तेच बोट, तीच जागा. मिक्सरमधून किंवा इंटरफेसमधून थेट रेकॉर्ड करा. घरी आल्यावर कुणाला तरी त्या फायलींची नावं बदलून लावायला सांगा. मी भाच्याला बसवलं होतं. नावं झाकल्यावर माझे चारपैकी दोन अंदाज चुकले. ज्या वाद्यांबद्दल मी नऊ महिने तावातावाने बोलत होतो, त्यांतलं कुठलं ते मला ओळखता येत नव्हतं!

दुसरी रेकॉर्डिंग तालमीत करा, पूर्ण ताफ्यासह. माझा निकाल तिथेच लागला. मित्राकडून स्टिंगरे दोन महिन्यांसाठी उसना आणला होता. एकटा वाजवला की खोली भरून जायची. पण आमचा ढोलकीवाला धुमावर, म्हणजे ढोलकीच्या खर्ज बाजूवर, आला की खाली सगळा चिखल. धुमाचा घुमारा आणि स्टिंगरेचा खालचा भाग एकाच जागेवर भांडत होते. मी बासचा नॉब बराच उतरवला तेव्हा कुठे दोघं वेगळे ऐकू आले, आणि मग लक्षात आलं की ज्या गोष्टीसाठी हा बेस घ्यायचा तीच मी बंद करून ठेवली आहे. जॅझ बेसचा ब्रिजकडचा पिकअप पूर्ण आणि नेककडचा थोडा कमी ठेवला की सूर ढोलकीच्या वरच्या अंगाने चालत राहायचा. गायिकेने न विचारता मागे वळून बघितलं. आमच्यात ती पावती समजतात.

माझ्या त्याच मित्राच्या ताफ्यात ड्रम आणि दोन गिटार आहेत, ढोलकी नाही. तिथे माझा जॅझ बेस गिटारांच्या भिंतीमागे हरवला आणि त्याचा स्टिंगरे आरपार गेला. दोघांची मतं बरोबर होती.

एक शेवटचं ऐकणं मोबाइलच्या स्पीकरवर करा. त्या इवल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्‌झ बाहेर पडतच नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्या सुराचे वरचे स्वर, आणि कान खालचा सूर मनाने भरून घेतो. लोक तुमचं वाजवणं आता बहुतेक मोबाइलवरच ऐकणार असतील, तर तिथे कोण टिकतो हेही बघायला हवं.

६. हम आणि सेल: कुठला त्रास तुम्हाला चालेल?

जॅझ बेसचे दोन्ही पिकअप सारखे उघडे असले की एकमेकांचा हम मारतात. एक कमी केला की घुंघुं सुरू. माझी आवडती जागा नेमकी तीच, हे दुर्दैव. एका नवरात्राच्या मंडपात जनरेटर, डिमर आणि लाइटच्या माळा एकाच फेजवर होत्या. हम इतका आला की साऊंडवाला माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागला. सिंगल कॉइलचा हम तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहात त्यावर बदलतो. मी गोल फिरून कमी हमची दिशा शोधली, ती निघाली कीबोर्डवाल्याकडे पाठ करून. अर्धा कार्यक्रम तसाच वाजवला. लोकांना वाटलं आमचं भांडण झालंय.

जाता जाता: तारांना हात असताना माइकला ओठ लागून झिणझिणी आली तर तो हम नव्हे, अर्थिंगचा घोळ आहे. वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

स्टिंगरेचा हमबकर अशा मंडपात शांत राहतो. त्याचा त्रास वेगळा. केबल जॅकमध्ये घातली की सेल चालू होतो, काढली की बंद. साऊंड चेकनंतर मी केबल तशीच ठेवून झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाण्यात खालचे सूर फाटके यायला लागले. आधी वाटलं अँप गेला. तिसऱ्या गाण्यात आवाजच गेला. सेल संपल्यावर साधा पॅसिव्ह आवाज तरी यावा, तशी सोय या बेसमध्ये नाही. ढोलकीवाल्याने एकट्याने तीन मिनिटं रंगवली म्हणून लाज राहिली.

७. कागदावरचं मॉडेल नव्हे, हातातला नग तपासा

एकाच मॉडेलचे दोन नग सारखे नसतात. हे न चुकता बघा:

• जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर वाजवून तो किती वेळ टिकतो ते ऐका. या जातीच्या बेसवर तिथे एखादा सूर लवकर विझतो. थोडा विझला तर चालेल, टपकन मेला तर दुसरा नग मागा.

• पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून मधल्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. अगदी बारीक फट हवी. फट मोठी किंवा अजिबात नाही, तर ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) फिरतो का ते दुकानाच्या माणसाकडून तपासून घ्या. स्टिंगरेला तो बॉडीच्या टोकाला चाकासारखा असतो, खिळ्यानेही फिरतो. आताच्या अमेरिकन जॅझ बेसला डोक्याकडे, अ‍ॅलन कीने.

• बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळतो का?

• प्रत्येक नॉब सावकाश फिरवा, जॅकमध्ये केबल हलवा. खरखर येता कामा नये.

सेकंडहँड घेत असाल तर नावाच्या घोळात फसू नका. ‘स्टर्लिंग बाय म्युझिक मॅन’ ही स्वस्त मालिका आहे. म्युझिक मॅनच्याच मुख्य मालिकेत ‘स्टर्लिंग’ नावाचं वेगळं मॉडेलही निघालेलं आहे. विकणारा नुसतं ‘म्युझिक मॅन’ म्हणतो आणि बाकी तुमच्यावर सोडतो. फेंडरच्या अलीकडच्या अमेरिकन नगांचा सिरियल नंबर ‘यूएस’ने सुरू होतो, मेक्सिकोच्या नगांचा ‘एमएक्स’ने. मेक्सिकोचा वाईट नसतो, फक्त अमेरिकनच्या भावात घेऊ नका.

८. पैसे आणि कागद

दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोखीने घेण्याला कायद्याने मनाई आहे. ‘रोख दिलेत तर थोडं कमी करतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा. जवळ असू द्या: पॅन कार्ड, सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, आणि डोक्याचे, मागच्या बाजूचे, सिरियल नंबरचे फोटो. विमा काढायचा तर हेच कागद लागतात.

आपल्यात बहुतेकांचा कुणी ना कुणी अमेरिकेत असतो. ‘भाऊ डिसेंबरात येतोय, तो आणेल’ हा विचार मीही केला. भाव तिथे कमी दिसतो खरा. त्यात कस्टम्स ड्यूटी मिळवा (सवलतीची मर्यादा आणि दर बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्या), हार्ड केसचं जादा सामान मिळवा आणि तिथली वॉरंटी इथे चालेल का हे कंपनीला लेखी विचारा. माझ्या हिशेबात उरलेली बचत भावाला घालायच्या जेवणाएवढी होती. उलट दिशेने, तुम्ही स्वतःचा बेस घेऊन परदेशी कार्यक्रमाला जात असाल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. नाहीतर परत येताना स्वतःच्याच वाद्यावर ड्यूटी मागतात. रोजवुडच्या फ्रेटबोर्डची भीती घालणारे अजून भेटतात. २०१७पासून त्यावर खरोखरच परवान्याची भानगड होती. नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, ब्राझिलियन रोजवुड सोडून.

९. घरी आणल्यानंतरचा पहिला पावसाळा

बेस घरी आला की लगेच सेटअप करू नका. आठवडाभर त्याला तुमच्या घरच्या हवेत राहू द्या, मग कारागिराकडे न्या. सतराव्या फ्रेटपाशी ई तारेखाली साधारण २.४ मि.मी. आणि जी तारेखाली २ मि.मी. ही सुरुवात धरून चाला. जोरात मारणाऱ्याला थोडं वर लागतं.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर लाकूड सुखात राहतं. मुंबई-कोकणात जुलैमध्ये ती कुठल्या कुठे जाते आणि पुण्या-नाशकात एप्रिलमध्ये उलटीकडे. एप्रिलमध्ये फ्रेटची टोकं बोटांना टोचायला लागली तर लाकूड आकसलंय. केसमध्ये पावसाळ्यापुरत्या सिलिका जेलच्या चार पुड्या आणि कायम एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवा. ट्रस रॉड स्वतः फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि मग एक रात्र थांबा.

मी जॅझ बेस घेतला. मित्राचा स्टिंगरे परत करताना त्यात दोन नवे सेल टाकले आणि दोन जादाचे केसच्या खिशात ठेवले. तो म्हणाला, जादाचे कशाला? दुसऱ्या गाण्यासाठी, मी म्हटलं.